दाजी, शुगरचं कशाला लिहिता?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४६, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. सहा वर्षांपूर्वी टाइप २ मधुमेह निघाला. रोज ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एक गोळी चालू आहे, इन्सुलिन नाही. मागच्या महिन्यातला एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची चाचणी) ८.१. घरात पत्नी, आई आणि दहावीतली मुलगी. फ्लॅटचं २८ लाखांचं कर्ज फिटायचं आहे. त्यांना एक कोटीचा टर्म विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू आला तर घरच्यांना पैसे देणारा आयुर्विमा) घ्यायचा आहे आणि विमा एजंट म्हणजे पत्नीचा सख्खा भाऊ. तो म्हणतो, "दाजी, शुगरचं कशाला लिहिता? हप्ता तरी वाढेल नाहीतर फाइल परत येईल. तीन वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही." पत्नीलाही ते पटलं आहे. कारखान्यातले मित्र सांगतात की शुगरवाल्याला विमा मिळतच नाही. त्यातच मे महिन्यात न्यू जर्सीला भाचीचं लग्न आहे. तीन आठवड्यांचा प्रवास विमा ऑनलाइन घ्यायला बसले, तर "पूर्वीपासूनचा आजार आहे का" या प्रश्नाला "नाही" म्हटल्याशिवाय पुढचं पान उघडेना. ते विचारतात, "खरं लिहून विमा गमवायचा, की खोटं लिहून मिळवायचा?"

भाऊ,

तुमचं पत्र वाचताना मला एक प्लास्टिकची पिशवी आठवली. मी २६ वर्षं एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काढली. एकदा एक बाई समोर येऊन बसल्या. नवरा जाऊन दोन महिने झाले होते, पॉलिसीला दीड वर्षही झालं नव्हतं. मी फाइल उघडण्याआधीच त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग पडला. म्हणाल्या, "बघा मॅडम, एक दिवस गोळी चुकवली नाही त्यांनी. तब्येतीची फार काळजी घ्यायचे." काही पाकिटांवरच्या तारखा पॉलिसीच्या आधीच्या होत्या. आणि माझ्यासमोरच्या प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, मधुमेहाच्या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं होतं. अक्षर नवऱ्याचं नव्हतं. सही त्याची होती.

अशा फाइलमध्ये आणखी एक कागद हमखास असतो, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा. रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणून माणसाला आणलेलं असतं. ड्यूटीवरचा डॉक्टर बायकोला विचारतो, काही आजार? बीपी, शुगर? बायको सांगते, शुगर आहे, सहा वर्षं झाली. न सांगून कसं चालेल? नवऱ्याचा जीव त्या उत्तरावर असतो. डॉक्टर कागदावर खरडतो, "के/सी/ओ डीएम, ६ वर्षे", म्हणजे मधुमेहाचा जुना रुग्ण. क्लेमचा तपास करणारा माणूस पहिल्यांदा हीच ओळ शोधतो. तुम्ही फॉर्मवर "नाही" लिहिलंत, तर त्या रात्री वहिनींना डॉक्टरशी खरं बोलून क्लेम घालवावा लागेल. मेहुण्याचा सल्ला मी असा वाचते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाची मांडणीच मला थोडी तपासून बघायची आहे. तुम्ही धरून चालला आहात की खरं लिहिलं की विमा जातो. हे कोणी सांगितलं? कारखान्यातल्या मित्रांपैकी कितीजणांनी खरं लिहून अर्ज केला होता, एकदा विचारून बघा. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाचा २०२३ साली आलेला अंदाज आपल्या देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा आहे. एवढ्या लोकांना दारातून परत पाठवून कोणाचा धंदा चालेल? तुमच्यासारखा माणूस, चाळिशीत मधुमेह निघालेला, गोळीवर असलेला, इन्सुलिन नाही आणि किडनी-डोळे ठीक असतील तर, हा अंडररायटरसाठी रोजचा मामला आहे.

अंडररायटर म्हणजे अर्ज स्वीकारायचा की नाही आणि किती हप्त्यावर, हे ठरवणारा. शुगर आहे एवढं वाचून तो पेन खाली ठेवत नाही. मधुमेह कोणत्या वयात निघाला, किती वर्षं झाली, तीन महिन्यांची सरासरी काय, लघवीतून प्रथिनं जातात का, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) किती, डोळ्यांचा पडदा तपासलाय का, ईसीजी कसा आहे, वजन, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू, एवढं तो बघतो. एकटी शुगर त्याला फार खुपत नाही. शुगर, बीपी आणि तंबाखू असं त्रिकूट समोर आलं की मात्र त्याच्या कपाळाला आठी पडते. तुम्ही पत्रात तंबाखूबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मळत असाल किंवा सिगारेट ओढत असाल, तर तेही लिहावं लागेल. निकोटिन शरीरात मोडून कोटिनिन होतं आणि ते लघवीत सापडतं. दोन दिवस बंद ठेवून फारसा उपयोग होत नाही.

मग निकाल काय लागतो? नेहमीच्या हप्त्यावर पॉलिसी मिळते, किंवा जास्तीचा हप्ता लावून मिळते. त्याला लोडिंग म्हणतात. काही वेळा मुदत कमी करून देतात, "सहा महिन्यांनी या" म्हणतात किंवा सरळ नाही म्हणतात. टाइप १ असलेल्यांना, इन्सुलिनवर असलेल्यांना, किडनीला धक्का बसलेल्यांना नकार जास्त येतात, हे खरं आहे. ते वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पुढे लिहिते. तुमच्या बाबतीत मला लोडिंगची शक्यता जास्त दिसते.

लोडिंग म्हटल्यावर तुमच्या मेहुण्याचा चेहरा पडला असेल. जरा हिशेब करू. आकडा नुसता समजण्यापुरता आहे, कोणत्याही कंपनीचा नाही. समजा निरोगी माणसाचा वर्षाचा हप्ता २५,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के लोडिंग लागलं. वर्षाला १२,५०० जास्त, महिन्याला हजार-अकराशे. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा भार तसाही उतरला. महिन्याचे हजार रुपये ही लहान रक्कम नाही, मला माहीत आहे, दहावीच्या क्लासची फी मीही भरलेली आहे. पण खोटं लिहून २५,००० भरलेत, तर स्वस्त काय पडलं? ज्या पॉलिसीचा क्लेम ऐन वेळी अडेल, तिला पंचवीस हजार हे फारच महाग झाले. त्यापेक्षा एक कोटीचा हट्ट सोडून ७५ लाखांचा खरा विमा घ्या. कर्जाचे २८ लाख गेल्यावरही घर चालवायला आणि मुलीच्या शिक्षणाला हाताशी बरंच काही उरतं.

आता तीन वर्षांचं. मेहुणा इथे अगदीच चुकीचं बोलत नाही, आणि म्हणूनच त्याचं बोलणं धोक्याचं आहे. विमा कायदा १९३८, कलम ४५. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्टच लिहिलं आहे की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही. मात्र ही तीन वर्षं मोजायची कधीपासून? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख किंवा रायडर (मूळ पॉलिसीवरचं जादा संरक्षण) जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात उशिराची असेल तिथपासून. एखादा हप्ता राहिला, पॉलिसी बंद पडली आणि तुम्ही ती पुन्हा चालू केलीत, की मोजणी पहिल्यापासून. आणि त्या तीन वर्षांत काही झालं आणि फसवणूक ठरली, तर भरलेले हप्तेही परत मिळत नाहीत. म्हणजे मेहुणा तुम्हाला सांगतोय की पोरीची दहावी, अकरावी, बारावी होईपर्यंत काही होऊ देऊ नका. ते तुमच्या हातात असतं तर विम्याची गरजच काय होती?

आरोग्य विम्याचं गणित वेगळं आहे, दोन्हींची गल्लत करू नका. तिथे १ एप्रिल २०२४ पासून सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर मात्र तेव्हाही येतो. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदतही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. म्हणजे शुगर सांगून मेडिक्लेम घेतलात, तर तीन वर्षांच्या आत शुगरही त्यात धरली जाते, लपवण्यात काहीच अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एक निकाल याच मुद्द्यावर आहे. जुना मधुमेह आणि किडनीचा आजार असताना मेडिक्लेमच्या अर्जात तब्येत चांगली असल्याचं लिहिलं होतं. कुटुंब शेवटपर्यंत लढलं आणि हरलं.

तेव्हा अर्ज खरा करा, पण उद्या सकाळी करू नका. तुमचा एचबीएवनसी ८.१ आहे. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. लोक तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पितात आणि भात सोडतात. त्याने फास्टिंगचा आकडा कदाचित हलेल, एचबीएवनसी ढिम्म हलत नाही. तीन महिने नीट काढलेत, डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं बघितलंत, रात्रपाळीच्या जेवणाच्या वेळा सुधारल्यात, तर तो खाली येऊ शकतो, आणि ८.१ वरचं लोडिंग आणि ७.२ वरचं लोडिंग सारखं असेलच असं नाही. ही लबाडी नव्हे, तयारी आहे. त्याच काळात डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन (किडनीतून झिरपणारं प्रथिन) तपासून घ्या. रिपोर्ट चांगले असतील तर ते अर्जाला जोडा, अंडररायटरला शंका घ्यायला जागा राहत नाही. पण तीन महिन्यांचे सहा आणि सहाचे बारा करू नका. वाढदिवस आला की हप्ता चढतो.

हे तीन महिने घर उघड्यावर नको, म्हणून दोन-तीन गोष्टी बघा. तुमच्या बँकेत पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना आहे. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण, वैद्यकीय तपासणी नाही, पन्नाशीपर्यंत नाव घालता येतं. पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. दुसरं, तुमचा पीएफ कापला जात असेल तर त्याबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत, आणि त्यात शुगर कोणी विचारत नाही. पीएफच्या खात्यात नॉमिनी कोण आहे ते आज रात्री बघा. लग्नाआधी लागलेल्या नोकऱ्यांमध्ये अजून आईचं किंवा भावाचं नाव असतं. तिसरं, कारखान्याची ग्रुप टर्म पॉलिसी आहे का, हे एचआरला विचारा. ती नोकरीबरोबर जाते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका, पण असेल तर माहीत असू द्या.

आणि चौथी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी मी विचारते. कर्ज घेताना बँकेने एखादा विमा गळ्यात मारला होता का? बहुतेक ठिकाणी मारतात. कर्जाच्या चाळीस-पन्नास कागदांत एक "प्रकृती उत्तम असल्याचं निवेदन" असतं, त्यावरही सही घेतलेली असते. कर्ज मधुमेह निघाल्यानंतरचं असेल, तर तो कागद शोधा. त्यात मधुमेह नाही असं छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर मेहुण्याच्या सल्ल्याआधीच तुमच्या नावावर एक खोटा फॉर्म बसला आहे. अशा वेळी त्या विमा कंपनीला लेखी कळवावं, असं माझं मत आहे. कंपनी हप्ता वाढवेल, संरक्षण कमी करेल किंवा रद्दही करेल, ही जोखीम आहे. पण ती तुम्ही असताना कळेल आणि तुम्ही दुसरी सोय कराल. ज्यांनी टर्म पॉलिसीतच पूर्वी "नाही" लिहिलं आहे, अशा वाचकांनाही मी हेच सांगते. फक्त एक करा, नवीन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका.

आता मेहुणा. तुम्ही पत्रात लिहिलंय, "घरचा माणूस आहे, दुखवायचं कसं?" त्याला दुखवायची गरज नाही. तो एजंट आहे म्हणजे कायद्याने तो कंपनीचा माणूस, आणि कमिशन पॉलिसी निघाल्यावर मिळतं. त्याच्या मनात खोट असेलच असं मी म्हणत नाही. वीस फाइली सहज सुटल्या म्हणून एकविसावीही सुटेल, असं त्याला खरंच वाटत असेल. पण क्लेम अडला तर तो टेबलाच्या कोणत्या बाजूला बसेल? बहुधा बहिणीच्या शेजारी, मान खाली घालून. त्याला घरी बोलवा, चहा ठेवा आणि म्हणा, फॉर्म तूच भर, पण मी सांगतो ते लिही. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. मोबाइलवर ओटीपी आला तर तो सांगण्याआधी पूर्ण अर्ज उघडून वाचा, कारण तो ओटीपी म्हणजेच तुमची सही. अर्ज इंग्रजीत असेल आणि एखादा प्रश्न कळला नाही, तर कळेपर्यंत थांबा. "एजंटने भरलं होतं" हे वाक्य मी टेबलापलीकडून शेकडो वेळा ऐकलं आहे. त्याने क्वचितच कोणाची सुटका झाली.

गोळ्यांची नावं आणि मात्रा प्रिस्क्रिप्शनवर असेल तशीच लिहा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही लिहा. "ती काय, साधी आहे" असं म्हणून लोक नेमकी तीच गाळतात. अर्ज दिल्यानंतर आणि पॉलिसी हातात येण्याआधी तब्येतीत काही बदललं, तर तेही कळवायचं असतं. लोडिंग लागलं तर कंपनी तसं पत्र पाठवून तुमची संमती मागते. ते पत्र जपून ठेवा. कंपनीला शुगर माहीत होती याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा. पॉलिसी आली की मागे जोडलेली प्रपोजल फॉर्मची प्रत उघडा आणि मधुमेहाचा रकाना स्वतः बघा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. पॉलिसी पसंत नसेल तर परत करायला ३० दिवस मिळतात. पत्नी आणि मुलीच्या नावे विवाहित स्त्री मालमत्ता कायदा १८७४ खाली पॉलिसी घेण्याचा पर्यायही विचारा. कर्ज असलेल्या माणसाने तो जरूर घ्यावा, कारण ते पैसे कर्ज देणाऱ्यांच्या हाती लागत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच करायचं असतं, मागाहून होत नाही. गंभीर आजाराचा रायडर मधुमेहींना सहसा मिळत नाही, त्यासाठी भांडत बसू नका.

नकार आला तर? एका कंपनीचा नकार म्हणजे सगळ्यांचा नव्हे, प्रत्येकीचे मोजण्याचे निकष वेगळे असतात. पण पुढच्या फॉर्मवर "पूर्वी कोणी अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जास्त हप्ता लावला आहे का" हा प्रश्न असतोच, आणि त्याचंही उत्तर खरंच द्यायचं. म्हणून एका वेळी पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. परवानाधारक ब्रोकर गाठा, ब्रोकर हा ग्राहकाच्या बाजूने काम करायला बांधलेला असतो. तो तुमचे रिपोर्ट आधी दोन-तीन कंपन्यांना अनौपचारिकपणे दाखवून अंदाज घेऊ शकतो. टाइप १ किंवा इन्सुलिनवर असलेल्या वाचकांनी तर याच वाटेने जावं. आणि सगळीकडून दार बंद झालं, तर कर्ज लवकर फेडणं, ग्रुप विमा आणि बचत यांवर घर उभं करता येतं. तो रस्ता लांबचा आहे, पण बंद पडणाऱ्या पॉलिसीपेक्षा बरा.

क्लेम किंवा अर्जावरून वाद झाला तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्यायची. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल आहेत, मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. पण त्यांची मर्यादा ५० लाखांची. एक कोटीचा वाद तिथे चालत नाही, तो ग्राहक आयोगात न्यावा लागतो. तिथे जिल्हा की राज्य हे भरलेल्या हप्त्यावरून ठरतं, विम्याच्या रकमेवरून नाही, त्यामुळे जिल्ह्यालाच काम होतं.

आता न्यू जर्सी. भाचीचं लग्न, मामाला जायलाच हवं. प्रवास विम्याबद्दल मात्र तुमचा समज मला बदलायचा आहे. तुम्ही त्याला मेडिक्लेमचा धाकटा भाऊ समजता, तसा तो नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. काहींत जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरता, ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळतो. खरी मारामारी "त्या आजारामुळे उद्भवलेलं" या शब्दांवर होते. मधुमेही माणसाला हार्ट अटॅक आला, तर तो शुगरमुळे की वेगळा?

नेमक्या याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी निकाल दिला आहे. २००९ साली एक गृहस्थ अमेरिकेत नात्यातल्या लग्नाला निघाले होते, अगदी तुमच्यासारखे. पॉलिसी घेताना त्यांनी मधुमेह सांगितला होता, वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले आणि घाम फुटला, अशक्तपणा आला. हॉस्पिटलमध्ये तीन स्टेंट टाकावे लागले. कंपनीने आधीचा आजार आणि कोलेस्टेरॉलची गोळी न सांगितल्याचं कारण देत क्लेम नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं की आजार सांगितलेला असताना, तपासणी करून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून पैसे नाकारता येत नाहीत. ते जिंकले, कारण त्यांच्या अर्जावर मधुमेह लिहिलेला होता. बारा वर्षं लागली हेही खरं. आणि यामुळे वगळणीची कलमं गळून पडली असं समजू नका, ती आहेतच.

म्हणून त्या वेबसाइटवर "नाही" दाबून पुढे जाऊ नका. ते पान बंद करा. कंपनीच्या शाखेत जा किंवा ई-मेलवर विचारा: मला टाइप २ मधुमेह आहे, या गोळ्या चालू आहेत, हे रिपोर्ट आहेत, तुम्ही कोणत्या अटीवर पॉलिसी द्याल आणि शुगरशी संबंधित तातडीच्या उपचाराला किती डॉलरपर्यंत खर्च द्याल? उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या गोड मुलीचं "हो सर, सगळं कव्हर आहे" पुढे कामाला येत नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही (युरोपात शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा लागतो), म्हणून काही जण तसेच जातात. तसं करू नका, तिथे दोन रात्रींचं हॉस्पिटलचं बिल इथल्या फ्लॅटच्या हप्त्यांना हसतं. मी एक लाख डॉलरच्या खाली जाणार नाही.

बहिणीला सांगून अमेरिकन कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसीही बघा. त्यांत दोन जाती असतात. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम बांधलेली असते. ती स्वस्त असते आणि मोठ्या बिलापुढे तोकडी पडते. दुसरीत ठरलेली रक्कम तुम्ही स्वतः भरल्यावर बिलाचा मोठा भाग मिळतो. दुसरी घ्या. काहींत "जुन्या आजाराचा अचानक झटका" असं कलम असतं. त्याची व्याख्या कडक असते. झटका पूर्वसूचनेशिवाय आलेला हवा आणि बहुतेक ठिकाणी २४ तासांच्या आत उपचार घ्यायला हवेत. नेहमीची तपासणी किंवा संपलेल्या गोळ्या त्यात येत नाहीत. या पॉलिसी विकताना तब्येतीचे प्रश्न फारसे विचारत नाहीत, म्हणून लोक खूश होतात. प्रश्न क्लेमच्या वेळी विचारले जातात, आणि नाशिकच्या डॉक्टरांचे कागद तेव्हा मागवले जातात.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा, ताजे रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याची चिठ्ठी घ्या, गोळ्यांची मूळ रासायनिक नावं लिहून घ्या. तुमचा ब्रँड तिथे कोणी ओळखणार नाही. तीन आठवड्यांच्या जागी पाच आठवड्यांच्या गोळ्या, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी तर ते चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकू नये, गोठून निकामी होऊ शकतं. मे महिन्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तुमच्या गोळीतल्या ग्लिमेपिराइडने जेवण चुकलं की शुगर घसरते, म्हणून विमानात गोळी कोणत्या वेळेला घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पॉलिसीचा मदत क्रमांक बहिणीच्या, वहिनींच्या आणि तुमच्या, तिन्ही फोनमध्ये टाका. साधा ताप-खोकला असेल तर इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअरमध्ये (किरकोळ तातडीच्या तक्रारींच्या दवाखान्यात) जा, बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि हो, टर्म विम्याच्या तपासणीला दहा-बारा तास उपाशी बोलावतात. तुमची गोळी त्याच ग्लिमेपिराइडची, तेव्हा ती घरी खाऊ नका, सोबत ठेवा. हवं तर आदल्या दिवशी डॉक्टरांना एक फोन करा. वहिनींना दोन पोळ्या आणि भाजी डब्यात द्यायला सांगा. रक्त काढून झालं की लॅबच्या बाकावर बसून आधी डबा उघडा आणि गोळी त्याबरोबर घ्या.